झाकण उघडू नका! फिल्मवाल्या वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

मागच्या अंकात फिल्मवर काम करणाऱ्या ब्रिटिश कलाकार टॅसिटा डीनच्या कामावर दोन पानं लिहिली आणि शेवटी सहज म्हणून टाकलं की कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा, तर एवढी पत्रं आणि मेल आले की संपादक म्हणाले या वेळी बाकी काही लिहू नका, आधी यांचं बघा. निम्म्या लोकांना कुठला कॅमेरा घेऊ हे विचारायचंय. त्यांना माझ्याकडे उत्तर नाही हो, कारण खाली ज्या कलाकारांची नावं येणारेत त्यातले बरेच जण कॅमेरा वापरतच नाहीत. उरलेल्यांतली थोडी पत्रं इथे घेतलीयेत. नावं कुणाचीच छापत नाहीये, काहींनी तशी विनंती केलीये आणि काहींनी जे उद्योग करून ठेवलेत ते बघता तेच बरं.

प्र. ताई, सरळ विचारतो, राग मानू नका. फोनमध्ये ॲप आहे, त्यात ग्रेन (फिल्मसारखे दाणे) येतं, लाइट लीक (फटीतून उजेड घुसल्यासारखा डाग) येतो, रंग उडाल्यासारखे होतात, सगळं एका बोटात. मग ही मंडळी अजून केमिकलमध्ये हात घालून का बसलीयेत? नॉस्टॅल्जियाच ना?

उ. राग कसला. ग्रेनसाठीच फिल्म वापरायची असेल तर खरंच ॲप वापरा, मी पण वापरते, हातही खराब होत नाहीत. नॉस्टॅल्जियावाले आहेतच, नाही असं नाही, जुना कॅमेरा गळ्यात अडकवला की फोटो आपोआप चांगला येतो असं वाटणारे, त्यांची बाजू घ्यायला मी बसलेली नाही.

पण मी ज्यांच्याबद्दल लिहिते त्यांना ग्रेनशी फारसं घेणंदेणं नाही. त्यांना फिल्म किंवा फोटोचा कागद हवा असतो कारण त्याला काहीतरी लागतं. उजेड लागतो, पाणी लागतं, ओरखडा लागतो, आणि जे लागलं त्याची खूण त्याच जागी राहते. लिसा ओपेनहाइमचं बघा. तिने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातल्या चंद्राच्या काचेच्या निगेटिव्ह घेतल्या आणि त्यांच्या प्रती काढताना डार्करूममधला बल्ब न लावता चंद्राचाच उजेड वापरला, तोही मूळ फोटोत चंद्र ज्या कलेत होता त्याच कलेत आभाळात येईल तेव्हाच. आता ते चित्र बघून तुम्हाला हे कळेल का? नाही कळणार. बल्बवर काढलं असतं तरी साधारण तसंच दिसलं असतं. पण मग ते चंद्राने काढलेलं चंद्राचं चित्र राहिलं नसतं आणि मला विचाराल तर सगळी गंमत तिथेच आहे. ॲप दिसणं कॉपी करतं, कशामुळे झालं ते कुठून आणणार?

डीनचंही तेच. २०११ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमधल्या टर्बाइन हॉलमध्ये तिने लावलेल्या कामाचं नावच 'फिल्म' होतं, १३ मीटर उंच, उभं, ३५ मिमीवर शूट केलेलं, आवाज नाही, ११ मिनिटांचा लूप. त्यातली एकही करामत कॉम्प्युटरवर केलेली नाही. कॅमेऱ्याच्या गेटमध्ये, म्हणजे फिल्मवर उजेड पडतो त्या खिडकीत, एका आकाराचा मास्क घालायचा, तेवढाच भाग एक्स्पोज करायचा म्हणजे उजेडाला दाखवायचा, फिल्म मागे फिरवायची, मास्क बदलायचा, दुसरा भाग एक्स्पोज करायचा, असं परत परत, आणि रोल धुऊन हातात येईपर्यंत नक्की काय झालंय ते तिलाही माहीत नाही. आणि बाई नुसती शूट करून थांबत नाही, ज्या कारखान्यात फिल्म बनायची तो बंद होतोय म्हटल्यावर तिथे पण पोचली. फ्रान्समध्ये शालॉन-सुर-सोनला कोडॅकचा कारखाना होता, तिथे तिने 'कोडॅक' नावाचं काम केलं, २००६ चं. एरवी तिथे सगळं अंधारात चालणार, पण त्या दिवशी मशीन तपासायला फिल्मच्या ऐवजी तपकिरी कागद सोडला होता म्हणून दिवे लावता आले आणि तिला शूट करता आलं. फिल्म बनताना कधी दिसत नाही आणि दिसली तेव्हा मशीनवर फिल्मच नव्हती! असलं कुणी लिहून दिलं असतं तर मी म्हटलं असतं जरा जास्तच झालं.

प्र. काकांचा फोटो स्टुडिओ होता. ते गेल्यावर माळा आवरताना फोटो पेपरची पाच-सहा बंद पाकिटं सापडली, एकावर एक्स्पायरी १९७८ आहे. एक उघडून बघितलं तर नुसते पांढरे कागद आहेत. बाकीची टाकून देऊ का?

उ. उघडून बघितलंत! आणि कुठे, भर दिवसा, खिडकीपाशी असणार. असो. त्या उघडलेल्या पाकिटाचा पण उपयोग आहे, तो सांगतेच, पण बाकीच्यांना आत्ता हात लावू नका आणि टाकून तर अजिबात देऊ नका, कारण नेमक्या असल्याच पाकिटांवर एका बाईचं जवळजवळ सगळं काम उभं आहे.

ॲलिसन रॉसिटर. २००७ मध्ये तिने जुनी एक्सपायर झालेली फिल्म विकत घेतली, त्या सामानात फोटो पेपरचा एक डबा आला, एक्स्पायरी १९४६ ची. खराब असणार हे गृहीत धरून तिने एक कागद टेस्ट म्हणून डेव्हलप केला, म्हणजे चित्र वर आणणाऱ्या केमिकलमध्ये (डेव्हलपरमध्ये) बुडवला, त्यावर काही छापलं नव्हतं, उजेडही दाखवला नव्हता. आणि कागदावर काहीतरी उमटलं, पेन्सिलने घासल्यासारखं राखाडी. म्हणजे काय झालं होतं, इतक्या वर्षांत कुठून तरी फटीतून आलेला उजेड, ओल, हवा, बुरशी, कुणाच्या तरी बोटांचे ठसे, या सगळ्याने इमल्शनमधल्या, म्हणजे कागदावरच्या उजेड टिपणाऱ्या थरातल्या, चांदीच्या क्षारांवर आपापलं काम करून ठेवलं होतं आणि डेव्हलपरने ते फक्त वर आणलं. तेव्हापासून ती जुने पेपर गोळा करते, शंभर शंभर वर्षांपूर्वीचे सुद्धा. कधी नुसते डेव्हलप करते, कधी कागदाचा एक कोपराच डेव्हलपरमध्ये बुडवते म्हणजे वर करडं आभाळ खाली काळी जमीन असलं काहीतरी दिसायला लागतं. चित्राचं नाव पण काय ठेवते, तर पेपरचं नाव, एक्स्पायरीची तारीख आणि तिने तो कधी डेव्हलप केला ते साल. बस. मला हे फार आवडतं, कारण त्या दोन तारखांच्या मधे जेवढी वर्षं गेली तेवढंच ते एक्स्पोजर.

आता तुमचं. पूर्ण अंधारी खोली आणि लाल सेफलाइट, काळ्यापांढऱ्या पेपरला लाल दिवा चालतो, फिल्मला आणि रंगीत पेपरला चालत नाही हे लक्षात ठेवा. एक बंद पाकीट उघडून एकच कागद काढा आणि पाकीट लगेच बंद करा. त्या कागदाच्या दोन पट्ट्या कापा. एक सरळ फिक्सरमध्ये (उरलेले चांदीचे क्षार काढून चित्र पक्कं करणारं केमिकल) टाका, दुसरी आधी डेव्हलपरमध्ये दोन-तीन मिनिटं आणि मग फिक्सरमध्ये. पाण्यात धुऊन शेजारी शेजारी ठेवा. दोन्ही सारख्याच पांढऱ्या असतील तर अभिनंदन, काकांनी पेपर नीट ठेवला होता, त्यावर अजून सरळ फोटो छापता येतील. दुसरी राखाडी असेल तर पेपरला धुकं धरलंय, फोटो फिके येतील पण रॉसिटरवाला प्रकार करता येईल. पाकिटातले वरचे, खालचे आणि कडेचे कागद वेगळे वागतात म्हणून काढताना मागे पेन्सिलने नंबर टाका, मी टाकला नव्हता आणि नंतर कुठला कागद कुठला याचा काहीच पत्ता लागला नाही.

उघडलेल्या पाकिटासाठी दोन उद्योग. पहिला, कागदावर पानं, फुलं, काहीही ओलसर ठेवून वर काच दाबून उन्हात ठेवायचं, तासभर, चार तास, डेव्हलपर लागतच नाही, कागद आपला आपण गुलाबी, जांभळा, विटकरी होत जातो. याला लुमेन प्रिंट म्हणतात. ते रंग फिक्स करताना बरेच उडतात म्हणून आधी स्कॅन करून घ्या. दुसरा उद्योग म्हणजे केमिग्राम. १९५६ साली बेल्जियमचा पियेर कॉर्डिए फोटो पेपरवर नेलपॉलिशने एका मुलीसाठी दोन शब्द लिहीत होता, त्यातून त्याला हे सापडलं आणि पुढे आयुष्यभर तो तेच करत राहिला. कागदावर नेलपॉलिश, व्हार्निश, मध, मेण असं काहीतरी लावायचं, मग दिवसाउजेडी, हो दिवसाउजेडीच, आधी डेव्हलपर मग फिक्सर मग परत डेव्हलपर असं बुडवत राहायचं. जिथे डेव्हलपर पोचतो तिथे काळं, जिथे फिक्सर आधी पोचतो तिथे पांढरं, आणि लावलेला थर हळूहळू सुटत जातो तशा त्याच्या कडेने रेघांवर रेघा तयार होतात. मुलांना दाखवा, पण हातमोजे घालून.

प्र. एका प्रदर्शनाच्या कॅटलॉगमध्ये सूर्याने जळून भोक पडलेला फोटो पाहिला. खरंच जळतो की नंतर उदबत्तीने वगैरे करतात? मी पण कॅमेरा सूर्याकडे लावून बघणार आहे.

उ. थांबा! आधी डोळे. व्ह्यूफाइंडरमधून सूर्याकडे बघायचं नाही, एक क्षण पण नाही, टेलीलेन्स असेल तर डोळा कायमचा जाईल. कापडी शटरचा जुना कॅमेरा असेल तर शटरला भोक पडेल, डिजिटल असेल तर सेन्सर जाईल.

बाकी भोक खरंच सूर्याचंच आहे, उदबत्ती नाही. तो फोटो बहुतेक ख्रिस मकॉ या फोटोग्राफरचा असणार. त्याची गोष्ट त्यानेच सांगितलेली आहे. २००३ साली कॅम्पिंगला गेला असताना रात्रभर कॅमेरा उघडा ठेवून ताऱ्यांचा फोटो घ्यायचा बेत होता, पहाटे उठून शटर बंद करायचं. पण व्हिस्की झाली होती, जाग आली नाही, सूर्य उगवला आणि सरळ लेन्समधून फिल्मवर. तारे गेले, सगळी रात्र गेली, फिल्मवर सूर्याच्या वाटेची जळलेली रेघ तेवढी राहिली. आपण काय केलं असतं? कपाळावर हात मारला असता आणि फिल्म टाकली असती, फारतर मित्रांना दाखवली असती.

त्याने तो अपघात मुद्दाम घडवून आणायला सुरुवात केली, आणि अवघड काम ते होतं. फिल्मच्या जागी कॅमेऱ्यात जुना फायबर पेपरच (प्लॅस्टिकचा थर नसलेला फोटोचा कागद) घातला. लेन्स घेतल्या त्या विमानातून टेहळणी करायच्या, भल्यामोठ्या, भरपूर उजेड गोळा करणाऱ्या, आणि त्यांना साजेसे कॅमेरे स्वतः बनवले. भिंग धरून कागद जाळतो ना आपण लहानपणी, तेच, फक्त इथे कागदावर चांदी आणि जिलेटिन आहे. सूर्य जसा सरकतो तशी जळण्याची रेघ सरकते, आणि तास-दोन तास, कधी दिवसभर एक्स्पोजर दिल्यामुळे बाकीच्या चित्रात अजून एक उलटापालट होते. पेपरवर खरं तर निगेटिव्ह यायला पाहिजे, म्हणजे आभाळ काळं आणि जमीन पांढरी, पण उजेड एवढा प्रचंड जास्त होतो की टोन परत उलटतात आणि निगेटिव्हचं पॉझिटिव्ह होतं. याला सोलरायझेशन म्हणतात. तेव्हा तुम्ही जे बघताय ती प्रत नाही, कॅमेऱ्यात बसलेला आणि जळलेला तोच कागद आहे, एकुलता एक. अलास्कात उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही तिथे जाऊन त्याने कागदांची रांग लावून पूर्ण दिवसाची वाट घेतलीये, सूर्य खाली येतो, जमिनीला टेकतो न टेकतो आणि परत वर जातो, लाटेसारखी जळकी रेघ. तिथे पेपर किती तासांनी बदलायचा, ढग आला तर काय, रेघ पुढच्या कागदावर बरोबर कुठे सुरू होईल, हे सगळं आधी बसून काढलेलं असणार ना. अपघात पहिल्या दिवशी झाला, तो पण झोपेत.

प्र. कॉफीत सोडा घालून फिल्म धुतात म्हणून मी पण धुतली. घरात वास सुटला, आईने बाल्कनीत हाकललं, आणि फिल्म एकदम कोरी, काचेसारखी पारदर्शक. माझं काय चुकलं?

उ. वास बरोबर आला म्हणजे निम्मं जमलं. कॅफेनॉल म्हणतात याला, १९९५ मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत स्कॉट विल्यम्स यांच्या वर्गात हा प्रकार निघाला. तुझं काय चुकलं ते पत्रात सोडा या एका शब्दात लपलंय असं वाटतं. तू खायचा सोडा घातलास का? धुण्याचा सोडा पाहिजे, सोडियम कार्बोनेट. खायच्या सोड्याने द्रावण पुरेसं अल्कलाइन होत नाही आणि डेव्हलपर नुसता झोपून राहतो. एक लिटरला धुण्याचा सोडा ५४ ग्रॅम, व्हिटॅमिन सी ची पावडर १६ ग्रॅम, इन्स्टंट कॉफी ४० ग्रॅम, २० डिग्रीला १५ मिनिटं. आधी सोडा पूर्ण विरघळव, मग व्हिटॅमिन सी, मग कॉफी, मग पाच मिनिटं थांब म्हणजे फेस बसेल. सोडा कोरडी पावडर असेल तर ५४, खड्यांचा असेल तर त्यात पाणी धरलेलं असतं म्हणून सुमारे १४५ ग्रॅम. कॉफी भारीतली नको, चिकोरीवाली पण नको. आणि फिक्सर लागतोच, त्याला स्वयंपाकघरात पर्याय नाही. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी उतरते, तो कुंडीत ओतू नकोस, साठवून ठेव आणि लॅबला दे.

एक शंका मात्र राहते. फिल्मच्या कडेला नंबर आणि कंपनीचं नाव छापून आलंय का बघ. ते पण नसेल तर डेव्हलपरच मेला होता. नंबर आलेत आणि फोटो नाहीत तर फिल्म कॅमेऱ्यात पुढे सरकलीच नव्हती, कॉफीला उगाच बोल लावू नकोस.

प्र. रोल जमिनीत पुरून ठेवला होता, महिन्याने काढला, लॅबने धुऊन द्यायला नकार दिला. लॅबवाल्यांना प्रयोगाचं काही वाटत नाही का?

उ. मी लॅबवाल्यांच्या बाजूची आहे. त्यांच्या मशीनमधून तुमच्या रोलच्या मागोमाग कुणाच्या तरी लग्नाचा रोल जाणार असतो, आणि तुमची माती त्याच टाकीत. मी एकदा लिंबू आणि साबणाच्या पाण्यात उकळलेला रोल काही न सांगता एका लॅबमध्ये दिला होता, नंतर जे ऐकून घ्यावं लागलं ते इथे छापता येणार नाही, आणि त्यांचं बरोबर होतं. आधी सांगा, नाहीतर घरी टाकीत धुवा.

पण मुळात तुम्ही काय पुरलंत? स्टीफन गिलने २००६ मध्ये 'बरिड' नावाचं काम केलं, लंडनच्या हॅकनी विकमध्ये काढलेले फोटो त्याच भागात पुरले. त्याने छापलेले प्रिंट पुरले, निगेटिव्ह नाही. निगेटिव्ह घरी सुखरूप. प्रिंटचं मातीने काहीही केलं तरी चालणार होतं, दुसरा छापता आला असता, म्हणून मातीला मोकळीक देता आली. तुम्ही न धुतलेला रोल पुरलात. जिलेटिन म्हणजे हाडाकातड्याचा अर्क, मातीतल्या जंतूंना मेजवानी, ओल्या मातीत महिनाभरात बराच भाग ते खाऊन टाकतात. पुढच्या वेळी एकाच रोलचे चार तुकडे करून एक दोन दिवस, एक आठवडा, असं वेगवेगळं पुरा आणि माती कोरडी की ओली ते लिहून ठेवा. जपानचा डाइसुके योकोता फिल्म कढत पाण्यात डेव्हलप करणं, प्रिंटचा परत फोटो काढणं, त्याचा परत, असं थरावर थर करत जातो, दिसायला सगळा विध्वंस, पण पायरी पायरीने केलेला.

प्र. विमान प्रवासात रोल एक्स-रेमधून गेले तर खराब होतात का?

उ. होऊ शकतात. चेक-इन सामानात तर कधीच टाकू नका, तिथली मशीन जास्त ताकदीची असतात. हातातल्या बॅगेसाठी आता बऱ्याच विमानतळांवर सीटी स्कॅनर आलेत, त्यात वेगवान (कमी उजेडातही चालणाऱ्या) फिल्मवर एका फेरीतही धुकं येऊ शकतं. रोल पारदर्शक पिशवीत वेगळे काढून हाताने तपासा म्हणून नम्रपणे विनंती करा, आयएसओ ८०० आणि वरच्या फिल्मसाठी तर नक्कीच.

आणि झालेच खराब तर वालीद बेश्ती आठवा. बर्लिनमध्ये ओसाड पडलेल्या इराकी दूतावासाचे फोटो त्याने काढले होते, ते रोल विमानतळाच्या एक्स-रेमधून गेले आणि त्यावर रंगांचे पट्टे उमटले. त्याने ते लपवले नाहीत, 'ट्रॅव्हल पिक्चर्स' म्हणून मोठे करून लावले. ज्या इराकचा तो दूतावास त्याचं सरकार गेलं, ज्या देशात तो दूतावास होता तो पूर्व जर्मनी पण गेला, कुणाच्याच हद्दीत नसलेली ती इमारत, आणि फोटोवर सीमा ओलांडल्याचा शिक्का. तुमच्या सुट्टीच्या फोटोंवरचे पट्टे मात्र पट्टेच राहतील हो, म्हणून विनंती करा.

प्र. माझ्याकडे १६ मिमीची कोरी फिल्म आहे, १०० फूट. कॅमेरा नाही आणि परवडणार पण नाही. कॅमेऱ्याशिवाय हलती फिल्म बनवता येते का?

उ. येते! आणि या पत्राची मी वाटच बघत होते. आधी थोडं गणित. १६ मिमीच्या एका फुटात ४० फ्रेम, म्हणजे १०० फुटात ४०००, सेकंदाला २४ ने ती पावणेतीन मिनिटं चालेल. कमी वाटतंय ना, हाताने करायला बसा मग कळेल.

स्टॅन ब्रॅकेजने १९६३ मध्ये 'मॉथलाइट' केली तेव्हा पतंगांचे पंख, पाकळ्या, गवताची पाती पारदर्शक टेपच्या दोन थरांत चिकटवून त्याचीच फिल्म बनवली, कॅमेरा नाही, फिल्मवर इमल्शन पण नाही. इथे एक गोष्ट बघण्यासारखी आहे. कॅमेरा फिल्मचे चौकोन पाडतो, एक फ्रेम, दुसरी फ्रेम. पंखाला फ्रेम माहीत नाही. तो तीन-चार फ्रेमवर आडवातिडवा पसरतो, प्रोजेक्टर त्याचे तुकडे करून सेकंदाच्या चोविसाव्या भागात एकेक दाखवतो, आणि मेलेला पंख पडद्यावर फडफडतो. हलवलं कुणीच नाहीये. गवताचं पातं पण असंच एका क्षणात वर धावून जातं.

तुमच्या पिढीला जवळचा म्हणजे डेव्हिड गॅटन. त्याने १९९७-९८ मध्ये कोऱ्या फिल्मचे रोल खेकडे पकडायच्या पिंजऱ्यात घालून अमेरिकेच्या साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्याला समुद्रात सोडले. वाळू, मीठ, शिंपले आणि खेकडे यांनी जे खरवडलं ते चित्र. आणि फिल्मच्या कडेला आवाजाची पट्टी असते, तिथेही तेच ओरखडे पडले, प्रोजेक्टरने ते आवाज म्हणून वाचले. समुद्राचा आवाज माइकशिवाय!

तोमोनारी निशिकावाचं मात्र शांतपणे बघायला हवं. २०१४ च्या २४ जूनला सूर्य मावळल्यावर त्याने १०० फूट ३५ मिमी रंगीत निगेटिव्ह जपानमधल्या फुकुशिमा दाइइची अणुवीज केंद्रापासून साधारण २५ किलोमीटरवर एका गावरस्त्याच्या कडेला पडलेल्या पानांखाली पुरली आणि २५ जूनला सूर्य उगवताना काढली. एक रात्र. मातीत किरणोत्सार उरलेला असेल तर फिल्मला लागेल म्हणून. पडद्यावर दिसतं ते निळसर, ठिपके, ओरखडे, दोनच मिनिटं, आणि फिल्मच्या नावाचा अर्थ साधारण असा की दहा लाख कीटकांचा आवाज, हजार ताऱ्यांचा उजेड. त्यातला कुठला ठिपका ओलीचा, कुठला मातीचा आणि कुठला त्या दुसऱ्या गोष्टीचा, ते बघणाऱ्याला सांगता येत नाही. त्या भागात राहणाऱ्या माणसालाही अंगणातल्या मातीकडे बघून ते सांगता येत नसणार. मी पहिल्यांदा बघितली तेव्हा ओरखडे बघायला म्हणून बसले होते आणि संपल्यावर बराच वेळ काही बोलले नाही.

तुम्ही काय कराल? सगळे १०० फूट एकदम वापरू नका. दहा फूट कापा. अंधारात फिल्मवर पानं, जाळी, दोरा ठेवून एका टॉर्चची झपकन एक उघडझाप, मग धुवा. याहून सोपं म्हणजे कारेल डूइंगचं फायटोग्राम, पानं धुण्याच्या सोड्याच्या आणि व्हिटॅमिन सी च्या पाण्यात भिजवून दिवसाउजेडी फिल्मवर ठेवायची, पानातला रसच डेव्हलपरचं काम करतो आणि पानाच्या शिरा न शिरा उमटतात, नंतर फक्त फिक्सर. प्रोजेक्टर नसेल तर फ्रेम स्कॅन करून जोडा, मी तोंड वाकडं करणार नाही. आणि हे सगळं एकट्याने करायचं नसतं, पॅरिसजवळची लाबोमिनाब्ल ही कलाकारांनी चालवलेली लॅब १९९६ पासून आहे, कॅनडातल्या ओंटारिओत फिलिप हॉफमन १९९४ पासून शेतावर फिल्मचं शिबिर घेतो. मोठ्या लॅब बंद पडत गेल्या तेव्हा त्यांची मशीनं असल्याच लोकांनी उचलून आणली.

प्र. जुनं सिनेमाचं रीळ मिळालंय, ३५ मिमी, व्हिनेगरसारखा वास येतो. त्यावर रंगवू का?

उ. व्हिनेगरचा वास म्हणजे ॲसिटेट फिल्म कुजायला लागलीये, बाकीच्या फिल्मपासून लांब ठेवा, तिची लागण होते. रंगवायच्या आधी त्यावर काय आहे ते कुणाला तरी दाखवा, एकुलती एक प्रत निघाली तर? आणि रीळ १९५० च्या आसपासचं किंवा आधीचं असेल, चिकट झालं असेल, तपकिरी भुकटी पडत असेल, तर ती नायट्रेट, म्हणजे जुन्या काळची चटकन पेट घेणारी फिल्म, असू शकते. ती पेटली की पाण्याखाली पण जळत राहते. मग रंग वगैरे विसरा, फिल्म संग्रहालयाला फोन करा.

प्र. मेगन रीपेनहॉफ समुद्रात कागद टाकून सायनोटाइप (उन्हावर होणारी निळी छपाई) करते ते पाहिलं. छान आहे, पण ते म्हणे बदलत राहतं. विकत घेणाऱ्याची फसवणूक नाही का ही?

उ. सांगून केली तर फसवणूक कशी? सायनोटाइप १८४२ चा, जॉन हर्शेलचा शोध, लोखंडाचे क्षार, ऊन, आणि मग पाण्यात धुणं एवढंच. नीट धुतलं नाही तर न बदललेले क्षार कागदात राहतात आणि उजेडात हळूहळू काम करत राहतात. ती मुद्दाम पूर्ण धूत नाही. लाट येते, वाळू ओढत नेते, मीठ राहतं, त्या सगळ्याचा ठसा निळ्यात, आणि तो भिंतीवर गेल्यावरही पूर्ण थांबत नाही. मला स्वतःला तिची हिमावर केलेली चित्रं जास्त आवडतात, बर्फाच्या सुया कागदावर अशा काही उमटतात की हाताने काढता येणार नाहीत.

याच्या उलट मॅथ्यू ब्रँट. तलावाचा रंगीत फोटो छापायचा आणि त्याच तलावाचं पाणी आणून त्यात तो आठवडेच्या आठवडे बुडवायचा, रंगांचे थर सुटत जातात. पहिले चार-पाच बघितले तेव्हा मी थक्क झाले, दहाव्याला मात्र युक्ती आधी दिसायला लागली आणि तलाव नंतर. माझं मत हो, तुम्ही सगळी मालिका बघून ठरवा.

प्र. मी नववीत आहे. मला कॅमेरा नाही, डार्करूम नाही, केमिकल घरात चालणार नाहीत. काहीतरी सांगा ना जे मला येईल.

उ. तुला सगळ्यात भारी काम देते. कोल्ड्रिंकचा रिकामा डबा घे, मधोमध सुईने अगदी बारीक भोक पाड आणि त्यावर काळी टेप लाव. अंधुक खोलीत आत काळापांढरा फोटो पेपर गोल वळवून बसव, भोक झाकलं जाणार नाही असा, आणि चकचकीत बाजू भोकाकडे. तोंड काळ्या टेपने नीट बंद कर, पाणी जायला नको. सूर्य दिवसभर ज्या बाजूने फिरतो तिकडे भोक करून डबा कशाला तरी घट्ट बांध आणि टेप काढ. झालं. आता किमान दोन महिने त्याला विसर.

विसरणं महत्त्वाचं आहे. २०१२ मध्ये रेजिना फाल्केनबोर्गने शिकत असताना इंग्लंडमधल्या बेफर्डबरी वेधशाळेत असाच डबा लावला आणि खरंच विसरली. २०२० मध्ये कुणाला तरी तो सापडला, आत कागदावर आठ वर्षांच्या सूर्याच्या २९५३ कमानी होत्या. मिखाएल वेसेलीने न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या संग्रहालयाचं बांधकाम चालू असताना २००१ ते २००४ कॅमेरे उघडे ठेवले, एकेक एक्स्पोजर ३४ महिन्यांपर्यंतचं, इमारती एकमेकींच्या आरपार दिसतात आणि माणूस एकही नाही, कुणीच तेवढा वेळ उभं राहिलं नाही.

डबा काढलास की कागद धुवायचा नाही, कसलंही केमिकल नाही, चित्र त्यावर आधीच आलेलं असेल. तडक स्कॅन कर, पहिल्याच वेळी मोठ्या साइझला, कारण स्कॅनरचा उजेड पण त्या कागदाला लागतो आणि दुसऱ्यांदा स्कॅन करशील तोवर ते थोडं बदललेलं असेल. मग फोनवर निगेटिव्हचं पॉझिटिव्ह कर आणि आडवं उलटव. कागद जाड पुस्तकात ठेव. आणि डब्यावर ठळक लिही की फोटो चालू आहे, काढू नका, नाहीतर कुणीतरी कचरा म्हणून उचलेल. माझे दोन गेलेत तसे.